लखनौमधील तुर्की : आरंभिक व्याकरणे, शब्दसंग्रह आणि भाषेची वारसदारी

भारतातील फार्सी व उर्दू वाङ्मयाच्या इतिहासात तुर्की भाषेचा उल्लेख बहुधा बाबराच्या आत्मचरित्रापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. बाबराने आपला वृत्तांत चगताई तुर्कीत लिहिला. त्याचा नातू अकबर याच्या आज्ञेवरून अब्दुर्रहीम खानखानान याने १५८९ साली त्याचा फार्सी अनुवाद सिद्ध केला आणि त्यानंतर तुर्की ही दरबाराच्या स्मरणातील एक भाषा होऊन राहिली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत पूर्णतः चुकीची नसली तरी अपुरी मात्र निश्चित आहे. बाबरानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आणि एकोणिसाव्याच्या प्रारंभी, लखनौसारख्या उर्दूने भारलेल्या नगरात तुर्कीचे शब्दसंग्रह आणि व्याकरणे लिहिली जात होती. नगराच्या बाजारात वा दरबारात तुर्कीला व्यवहाराची भाषा म्हणून स्थान नव्हते. तरीही नवशिक्यांसाठी ती मांडून ठेवण्याची गरज काही विद्वानांना वाटली. ही गरज कशातून निर्माण झाली आणि तिने कोणते रूप घेतले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने या प्रश्नाला एक वेगळे महत्त्व आहे. दोन भाषांमधील संबंधांचा इतिहास आपण महाकाव्ये, अनुवाद, काव्यप्रकार यांच्या आधारे लिहितो. शिकाऊ विद्यार्थ्यासाठी रचलेली पुस्तिका त्या इतिहासात सहसा येत नाही. वास्तविक, कोणती भाषा कोणाला, कोणत्या माध्यमातून आणि कशासाठी शिकवावी यासंबंधीचे निर्णय प्रथम अशा पुस्तिकेतच घेतले जातात.

१. पूर्वपीठिका

मोगलकाळात 'तुर्की' या एका नावाखाली निदान दोन भाषारूपे येत असत. एक मध्य आशियातील चगताई, जी तैमूरच्या वंशजांची कौटुंबिक व साहित्यिक भाषा होती. आणि दुसरी उस्मानी साम्राज्याची, जिला भारतात 'रूमी' म्हणून ओळखत. मराठी बखरींतील 'रूमशाम' हा शब्दप्रयोग याच दुसऱ्या भूभागाचा निर्देश करतो. भारतातील तुर्कीच्या अध्ययनाचा केंद्रबिंदू मात्र चगताई हाच राहिला. तिचा सर्वश्रेष्ठ कवी हेरातचा अली शेर नवाई (१४४१–१५०१). त्याने १४९९ साली लिहिलेल्या 'मुहाकमतुल् लुगतैन' या प्रबंधात तुर्की आणि फार्सी या भाषांची तुलना केली असून, तुर्कीतील शंभर क्रियापदे देऊन त्यांच्या नेमक्या अर्थच्छटा फार्सीत एका शब्दाने सांगता येत नाहीत असे प्रतिपादन केले आहे. आपल्या भाषेची बाजू क्रियापदांच्या आधारे मांडणारा हा ग्रंथ तौलनिक भाषाविचाराचा एक जुना नमुना म्हणून लक्षात घ्यावयास हवा.

क्रियापदांचे हे महत्त्व पुढील कोशकारांनीही ओळखले. औरंगजेबाच्या काळात मुहंमद याकूब चिंगी याने जो तुर्की-फार्सी कोश रचला त्याचे नावच 'केलुरनामा' असे आहे. 'केलुर' म्हणजे 'येतो'. इराणात नादिरशाहाचा चिटणीस मिर्झा महदी खान याने नवाईच्या ग्रंथांच्या वाचनासाठी 'संगलाख' हा मोठा कोश १७६० च्या सुमारास पूर्ण केला. भारतात फजलुल्ला खानाचा तुर्की शब्दसंग्रह १८२५ साली कलकत्त्यास छापला गेला. तेव्हा लखनौमधील प्रयत्न एकाकी नव्हता. तो एका दीर्घ परंपरेच्या उत्तरकाळातील दुवा होता.

२. किल्ल्यातून निसटलेला राजपुत्र

या दुव्यातील प्रमुख व्यक्ती म्हणजे मिर्झा अली बख्त गुरगानी 'अजफरी'. त्याचा जन्म १७५९ च्या सुमारास दिल्लीच्या लाल किल्ल्यात झाला. बादशाही घराण्याच्या ज्या शाखांना सिंहासनाची आशा नव्हती, त्यांतील पुरुषांना 'सलातीन' म्हणत. त्यांना तुटपुंजा तनखा मिळे आणि किल्ल्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसे. नावाने राजपुत्र आणि वस्तुस्थितीने बंदिवान, असे हे जीवन होते.

अजफरीच्या तारुण्याचा काळ मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १७८४ साली महादजी शिंदे यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद मिळविले आणि दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे त्यांच्या हाती आली. १७८८ साली गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीवर ताबा मिळवून शाह आलमचे डोळे काढले व बादशाही कुटुंबाची विटंबना केली. त्याच वर्षी राणेखानाच्या नेतृत्वाखालील शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेतली आणि पुढील वर्षी गुलाम कादिर मारला गेला. पारसनीसांनी संपादिलेल्या 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या पत्रसंग्रहामुळे त्या काळातील दिल्ली दरबार मराठी वाचकांसमोर आला. परंतु त्यात दिसते ते राजकारणाचे अंग. किल्ल्याच्या आतील एका सामान्य राजपुत्राचे अनुभव कळण्यासाठी अजफरीच्या 'वाकिआत-इ-अजफरी' या फार्सी आत्मवृत्ताकडे वळावे लागते.

१७८९ साली अजफरी किल्ल्यातून निसटला. राजपुतान्यातून वाट काढीत तो पुढे लखनौला पोहोचला आणि तेथे सुमारे सात वर्षे राहिला. त्या वेळी अवधचा नवाब आसफुद्दौला (कारकीर्द १७७५–१७९७) याच्या आश्रयास दिल्लीचे कवी, विद्वान व राजपुत्र यांची रीघ लागलेली होती. शाह आलमचा पुत्र मिर्झा सुलेमान शिकोह याचाही दरबार लखनौतच भरे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अजफरी पाटणा, मुर्शिदाबाद या मार्गाने मद्रासेस गेला व अर्काटच्या नवाबाच्या आश्रयाने तेथे स्थायिक झाला. 'वाकिआत'चे लेखन त्याने तेथेच केले. मद्रास येथून त्या ग्रंथाचा उर्दू अनुवाद १९३७ साली आणि मूळ फार्सी संहिता १९५७ साली प्रसिद्ध झाली.

लखनौच्या वास्तव्यात त्याने नवाईच्या 'महबूबुल् कुलूब' या नीतिपर गद्यग्रंथाचे 'मरगूबुल् फुआद' या नावाने फार्सी भाषांतर केले आणि चगताई तुर्कीच्या शब्दसंग्रहाचे काम हाती घेतले. मद्रासेत 'तेंग्री तारी' हा पद्यमय शब्दसंग्रह आणि 'मीजान-इ-तुर्की' हे व्याकरण यांची त्यात भर पडली. किल्ल्याबाहेर पडलेल्या या राजपुत्राजवळ जहागीर नव्हती, फौज नव्हती, राज्यावरचा व्यवहार्य हक्कही नव्हता. तैमूरच्या वंशात जन्मल्याची जी खूण दाखविता येण्याजोगी होती, ती त्या वंशाची भाषा. उर्दू आणि फार्सी लखनौमध्ये शेकडोंना येत होत्या. तुर्की येणारे विरळा. आश्रयदात्याच्या दरबारात तिचे मोल या विरळपणातच होते. मात्र एवढ्यावर त्याच्या कार्याचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. केवळ मिरवावयाची असती तर ती भाषा स्वतःपुरती ठेवणेच फायद्याचे ठरले असते. अजफरीने ती इतरांना शिकता येईल अशा रूपात मांडली. वंशाची खूण त्याने विद्येत रूपांतरित केली, हे त्याच्या पुस्तिकांचे खरे वैशिष्ट्य होय.

३. शब्द शिकविण्याची रीत

'तेंग्री तारी' ही रचना 'खालिक बारी'च्या धर्तीवर आहे. 'खालिक बारी' हा परंपरेने अमीर खुसरोच्या नावावर असलेला, अरबी-फार्सी व हिंदवी शब्दांचे पर्याय पद्यात गुंफणारा शब्दसंग्रह उत्तर भारतातील मकतबांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला जात असे. अशा रचनांना 'निसाब' म्हणत. 'खालिक' आणि 'बारी' ही दोन्ही ईश्वराची नावे. अजफरीने त्यांच्या जागी ईश्वरवाचक 'तेंग्री' हा शब्द घेतला. शीर्षकातूनच विद्यार्थ्याला कळावे की, बालपणी पाठ केलेला साचा तोच आहे, भाषा मात्र नवी आहे.

परिचित साच्यातून अपरिचित भाषा शिकविण्याची ही युक्ती संस्कृत परंपरेत वाढलेल्या वाचकाला अनोळखी वाटू नये. अमरकोशाची रचना वर्गवार आणि पद्यमय आहे; अर्थ कळण्याआधी तो कंठस्थ करण्याची प्रथा होती. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या 'राजव्यवहारकोशा'नेही अमरकोशाचाच साचा स्वीकारला. त्याचे दहा वर्ग आहेत आणि राज्यकारभारातील यावनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. 'राजव्यवहारकोश' आणि 'तेंग्री तारी' यांच्यामध्ये सुमारे सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, उद्देशही परस्परविरुद्ध आहेत. पहिला कोश परकीय शब्द ओळखून त्यांच्या जागी स्वतःचे शब्द बसवितो, तर दुसरा अस्तंगत होत असलेले शब्द नव्या जिभेवर रुजवू पाहतो. एकामागे नव्याने स्थापन झालेल्या राज्याचा आत्मविश्वास आहे, दुसऱ्यामागे हातातून गेलेल्या राज्याची आठवण. तरीही शब्द टिकवावयाचे तर ते छंदात बांधून पाठ करून घ्यावेत, हा विश्वास दोहोंना समान आहे.

४. व्याकरणाच्या अडचणी

आरंभीच्या विद्यार्थ्यासमोर तुर्की ज्या अडचणी उभ्या करते त्यांचा विचार केल्यावाचून या पुस्तिकांचे मोल कळत नाही. पहिली अडचण लिपीची. तुर्कीतील स्वर संख्येने अधिक, आणि त्यांच्यात अग्र व पश्च असा मूलभूत भेद आहे. एका शब्दातील स्वर साधारणतः एकाच गटातील असतात व प्रत्ययही त्याप्रमाणे रूप बदलतात. म्हणून 'येणे' हे 'केलमेक' होते, तर 'जाणे' हे 'बारमाक'. याला स्वरसंवाद म्हणता येईल. अरबी लिपीत हा भेद पुरेसा व्यक्त होत नाही. 'ओत' असे वाचता येणारे एकच लेखन अग्नी, गवत आणि, स्वर पुढे आणून उच्चारल्यास, पित्त या तिन्ही अर्थांचे असू शकते. ज्याच्या कानावर तुर्की कधी पडली नाही अशा लखनौच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून उच्चार कळणे किती अवघड होते, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट रूपसिद्धीची. तुर्कीत प्रत्यय एकामागून एक जोडले जातात आणि प्रत्येक प्रत्यय स्वतंत्रपणे ओळखता येतो. 'आत' म्हणजे घोडा, 'आतलार' घोडे, 'आतलारिम' माझे घोडे, 'आतलारिमगा' माझ्या घोड्यांना. मराठीत 'घोडा' या शब्दाचे 'घोड्या-' असे सामान्यरूप झाल्यावाचून विभक्तिप्रत्यय लागत नाही. तुर्कीत मूळ शब्द सहसा अविकृत राहतो. नकारही क्रियापदाच्या पोटातच येतो : 'केलदी' म्हणजे आला, 'केलमेदी' म्हणजे आला नाही. लिंगभेद मुळीच नाही. 'ओल' या एका सर्वनामात तो, ती आणि ते सामावतात. 'केलदिम' म्हणणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, हे रूपावरून कळत नाही. मराठीत 'आलो' आणि 'आले' यांत निवड केल्याशिवाय बोलताच येत नाही. संख्यावाचकानंतर नाम एकवचनीच राहते. 'पाच घोडे' या अर्थी तुर्कीत 'बेश आत' म्हणजे शब्दशः 'पाच घोडा' असे म्हणतात.

येथे एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. भारतीय भाषा बोलणाऱ्याला तुर्कीची वाक्यरचना कित्येक बाबतींत फार्सीपेक्षा जवळची आहे. विशेषण नामापूर्वी येते, कारकसंबंध नामानंतर दाखविला जातो, क्रियापद शेवटी येते. 'चांगला घोडा' याला तुर्कीत त्याच क्रमाने 'यख्शी आत' म्हणतात; फार्सीत मात्र क्रम उलटून 'अस्प-इ-खूब' असे म्हणावे लागते. मराठीतील शब्दयोगी अव्यये नामामागून येतात, तशीच तुर्कीतील 'बिलेन' (सह) यासारखी अव्ययेही. असे असूनही या पुस्तिकांची विवेचनभाषा फार्सी होती आणि परिभाषा अरबी व्याकरणातून आलेली. म्हणजे लखनौचा विद्यार्थी घरी उर्दू बोलत असूनही तुर्कीकडे थेट न जाता फार्सीच्या दारातून जात होता. हा दोष अजफरीचा नव्हे. त्या काळी 'शास्त्र' म्हणून मान्यता पावलेली भाषा फार्सी होती आणि उर्दूतून व्याकरण शिकविण्याची प्रथा अद्याप पडावयाची होती. विद्येची भाषा आणि घरची भाषा यांतील हे अंतर तौलनिक अभ्यासकाला अन्यत्रही भेटते. इंग्रजीतून संस्कृत शिकणारा भारतीय विद्यार्थी हे त्याचेच अलीकडील उदाहरण.

५. कतील आणि इन्शा : दोन भिन्न दृष्टी

तुर्कीत रस घेणारे लखनौमध्ये राजवंशीयच होते असे नाही. मिर्झा मुहंमद हसन 'कतील' हा जन्माने हिंदू खत्री, पुढे मुसलमान झालेला आणि फार्सीचा अधिकारी विद्वान. त्याच्या 'चार शर्बत' या फार्सी ग्रंथात छंद, वाक्प्रचार इत्यादी विषयांबरोबर तुर्की व्याकरणालाही स्थान आहे. कतीलला तैमूरच्या वंशाशी काही देणेघेणे नव्हते. त्याच्या दृष्टीने तुर्की ही फार्सीच्या सखोल ज्ञानासाठी लागणारी साहाय्यक भाषा होती. अजफरीने जी वारसा म्हणून जपली, ती कतीलने अभ्यासविषय म्हणून स्वीकारली.

तिसरी दृष्टी इन्शा अल्लाह खान 'इन्शा' याची. सुलेमान शिकोह आणि पुढे नवाब सआदत अली खान (कारकीर्द १७९८–१८१४) यांच्या दरबारातील हा बहुभाषी कवी हिंदी वाङ्मयाच्या अभ्यासकांना 'रानी केतकी की कहानी'मुळे परिचित आहे. अरबी-फार्सी शब्द कटाक्षाने टाळून लिहिलेली ही कथा ज्याच्या लेखणीतून उतरली, त्यानेच तुर्कीत रोजनिशी लिहिली. तिचा १८०८ सालचा काही भाग उपलब्ध आहे. त्याच वर्षी कतीलच्या सहकार्याने त्याने 'दरिया-इ-लताफत' हा उर्दूच्या व्याकरणाचा व अलंकारशास्त्राचा फार्सी ग्रंथ सिद्ध केला. उर्दूत रूढ झालेला शब्द अरबी असो, फार्सी असो वा तुर्की, तो उर्दूचाच झाला; मूळ भाषेच्या नियमांनी त्याची शुद्धाशुद्धता ठरवू नये, हे त्या ग्रंथातील प्रतिपादन उर्दू भाषाविचारात मूलगामी मानले जाते. तुर्कीत रोजनिशी लिहिण्याइतपत प्रभुत्व असलेल्या लेखकाने हे म्हणावे यात अर्थ आहे. मूळ भाषा माहीत असल्यामुळेच मूळ भाषेच्या अधिकाराची मर्यादा त्याला सांगता आली.

६. न शिकलेली तुर्की

इन्शाच्या या सिद्धान्ताची साक्ष मराठीही देते. मराठी माणसाने तुर्कीचे व्याकरण कधी उघडले नसले तरी तिचे शब्द तो रोज उच्चारतो. 'तोफ', 'कनात', 'कूच', 'एलची' हे शब्द लष्कर व राजकारण यांच्या मार्गाने फार्सीतून मराठीत आले. 'चकमक' हा शब्द मराठीत गारगोटीने ठिणगी पाडण्याचे साधन आणि लहानशी लढाई अशा दोन्ही अर्थांनी वावरतो. कचेरीतील 'जातमुचलका' यातील 'मुचलका' तुर्कीच. 'कुर्निसात करणे' या प्रयोगात तुर्की धातू, अरबी बहुवचनप्रत्यय आणि मराठी क्रियापद एकत्र नांदतात. व्यवसायवाचक '-ची' हा प्रत्यय 'तोफची', 'बावर्ची' यांत दिसतो आणि 'मशालजी'मध्ये मृदू होऊन येतो. खुद्द 'उर्दू' हे भाषानामही छावणी या अर्थाच्या तुर्की शब्दापासून आलेले आहे. माधवराव पटवर्धनांचा 'फार्सी-मराठी कोश' (१९२५) अशा शब्दांच्या शोधासाठी आजही उपयोगी पडतो. परंतु फार्सीतून आलेल्या शब्दांतील तुर्की थर वेगळा काढून दाखविण्याचे काम मराठीत अद्याप पुष्कळ शिल्लक आहे. 'राजव्यवहारकोशा'ने यावनी म्हणून ज्या शब्दांना एकत्र बांधले, त्यांच्या पोटी तीन भिन्न भाषाकुले आहेत. अरबी सेमिटिक, फार्सी इंडो-युरोपीय आणि तुर्की या दोहोंहून निराळी.

७. चगताईकडून उस्मानीकडे

लखनौचा तुर्कीशी संबंध एकोणिसाव्या शतकात संपला नाही. त्याची दिशा बदलली. विसाव्या शतकाच्या आरंभी उर्दू लेखकांचे लक्ष समरकंद-हेरातकडून इस्तंबूलकडे वळले. सज्जाद हैदर (१८८०–१९४३) यांनी तुर्की शिकून उस्मानी कथा-नाटकांचे उर्दू अनुवाद केले आणि टोपणनावही तुर्की घेतले. 'यिल्दिरिम' म्हणजे वीज. त्यांचे निधन लखनौ येथे झाले. १९१९ च्या सप्टेंबरमध्ये खिलाफतीच्या प्रश्नावर लखनौत परिषद भरली, तेव्हा तुर्कस्तान हा विषय विद्वानांच्या कक्षेबाहेर जाऊन सार्वजनिक झाला होता. मात्र तुर्कस्तानाविषयीची आस्था आणि तुर्की भाषेचे ज्ञान यांचे प्रमाण सारखे नव्हते. १९२८ साली तुर्की प्रजासत्ताकाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारली. स्वरांचा भेद दाखविण्याची जी अडचण जुन्या कोशकारांना भेडसावीत होती, ती या लिपीने बऱ्याच अंशी दूर केली. त्याचबरोबर फार्सी वाचू शकणाऱ्या भारतीय वाचकाला तुर्की पानावरील निम्मे शब्द ओळखीचे वाटावेत, ही जुनी सोयही नाहीशी झाली. भाषा शिकण्यास सुलभ झाली, पण शेजारपण तुटले.

८. समारोप

अजफरी, कतील आणि इन्शा हे तिघेही दोन-तीन दशकांच्या अवधीत एकाच नगरात वावरले. तिघांनीही एकाच भाषेला हात घातला, परंतु एकाने तिच्यात वंशाची ओळख पाहिली, दुसऱ्याने शास्त्र पाहिले आणि तिसऱ्याने स्वतःच्या बोलीचे स्वातंत्र्य सिद्ध करण्याचे साधन पाहिले. भाषेच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना बोलणाऱ्यांची संख्या मोजण्याची रीत आहे. त्या मापाने लखनौची तुर्की केव्हाच संपलेली ठरेल. परंतु भाषा बोलणारे सरल्यावर ती शिकविणारे उभे राहतात, हाही भाषेच्या जीवनाचाच एक टप्पा आहे. आज भारतातील कित्येक लहान भाषा याच टप्प्यावर उभ्या असून त्यांचे शब्दसंग्रह आणि प्राथमिक व्याकरणे त्या त्या समाजातील मोजकी माणसे सिद्ध करीत आहेत. त्या पुस्तिकांना वाङ्मयेतिहासात जागा द्यावयाची की नाही, हे ठरविताना लखनौच्या या उदाहरणाचा विचार व्हावा. किल्ल्यातून रिकाम्या हातांनी निघालेल्या माणसाने पुढील पिढीसाठी मागे ठेवलेली संपत्ती म्हणजे काही क्रियापदे, काही प्रत्यय आणि पाठ करण्याजोगी एक शब्दमालिका एवढीच होती. तिचे मोल ठरविण्याची जबाबदारी तौलनिक अभ्यासकाची आहे.